कीर्द आणि खतावणी

आमच्याकडील जुन्या पेढ्यांवर हिशेबाच्या दोन वह्या ठेवण्याचा शिरस्ता होता. पहिली कीर्द, तीत दिवसभरात जी रक्कम आली आणि जी गेली ती आल्यागेल्याच्या क्रमाने उतरवली जाई, आणि दिवेलागणीला बेरीज जुळली की त्या दिवसापुरते तिचे काम संपे. दुसरी खतावणी, तीत प्रत्येक असामीचे खाते निराळे असे, त्या असामीशी पेढीचा व्यवहार कधी सुरू झाला, मध्ये किती काळ तो खंडित राहिला आणि पुढची मुदत कोणत्या तिथीस भरते हे सारे एका पानावर वाचता येई, आणि म्हणून पेढीची खरी प्रकृती ज्याला जाणून घ्यावयाची असे तो कीर्द बाजूला सारून खतावणीच मागवीत असे. रक्ताच्या साठवणुकीच्या जागेला मराठीत ‘रक्तपेढी’ हे नाव ज्याने प्रथम दिले त्याच्या मनात हा शिरस्ता असेलच असे नाही, आणि अलीकडे कागदोपत्री तिला ‘रक्तकेंद्र’ म्हणण्याचा प्रघातही पडत चालला आहे. परंतु मला पेढी हाच शब्द अर्थपूर्ण वाटतो, कारण महाराष्ट्रातील रक्तदानाच्या चळवळीचे बळ आणि तिची उणीव ही दोन्ही या दोन वह्यांच्या भाषेत नेमकी सांगता येतात. आम्ही शिबिराची कीर्द हौसेने लिहितो. रक्तदात्याची खतावणी लिहिणारा मनुष्य मात्र गावात एखादाच असतो, आणि त्याचे नाव गावाला बहुधा ठाऊक नसते.

शिबिर पार पडले की दुसऱ्या दिवशी फलकावर आणि वर्तमानपत्रात पिशव्यांचा आकडा येतो. गतवर्षी इतका, यंदा त्याहून अधिक. शेजारच्या मंडळाचा इतका, आमचा त्याहून सरस. या चढाओढीतील उत्साह खरा असतो आणि त्यातून निघालेले रक्तही खरेच असते, हे मी प्रथमच मान्य करतो. प्रश्न आहे तो रक्ताच्या वस्तुधर्माचा. धान्य कणगीत राहते, सोने पेटीत राहते. रक्त राहत नाही. नेहमीच्या वापरातील द्रावणात ठेवलेले संपूर्ण रक्त ३५ दिवस टिकते. त्यातून वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशी पोषक द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. रक्तद्रव गोठवून ठेवला तर सुमारे वर्षभर. आणि बिंबाणू, म्हणजे डेंग्यूच्या साथींमुळे आता सर्वांच्या तोंडी झालेल्या प्लेटलेट्स, त्या तर सतत हलत्या तबकात ठेवूनही अवघे पाच दिवस. ज्या वस्तूला अशी मुदत निसर्गानेच घालून दिली आहे, तिच्या बाबतीत ‘किती’ या प्रश्नापेक्षा ‘केव्हा’ हा प्रश्न मोठा ठरतो, आणि पिशव्यांचा आकडा ज्या अभिमानाने आपण मिरवतो त्या अभिमानाला तारखेच्या कसोटीवर उतरावेच लागते.

ती तारीख आमची बहुधा चुकते. प्रजासत्ताकदिन, स्वातंत्र्यदिन, गणेशोत्सव, महापुरुषांच्या जयंत्या आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या ठरावीक दिवसांभोवती शिबिरांची गर्दी उसळते, एकाच तालुक्यात एकाच आठवड्यात चार चार मंडप पडतात, आणि रक्तपेढीच्या शीतकपाटांत जागा करता करता तंत्रज्ञांची तारांबळ उडते. त्यानंतर मे महिना येतो. महाविद्यालये मिटलेली असतात, मुंबईपुण्याची कुटुंबे गावाकडे किंवा कोकणात गेलेली असतात, ज्या कार्यालयांच्या आवारात शिबिरे भरत तेथील निम्मी माणसे रजेवर असतात. आणि त्याच शीतकपाटांत हव्या त्या गटाची पिशवी शोधूनही सापडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत हाच प्रकार लहान प्रमाणावर पुन्हा घडतो. रुग्ण मात्र पंचांग पाहून आजारी पडत नाहीत. थॅलसीमियाच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते, मग तो आठवडा जयंतीचा असो की उन्हाळ्याच्या सुट्टीचा. विदर्भातील आणि खानदेशातील आदिवासी भागांत सिकलसेलने गांजलेल्या मुलांची गरज कोणत्या क्षणी उभी राहील याचा नेम नसतो. आणि बाळंतपणात ज्या स्त्रीचा रक्तस्राव थांबत नाही तिच्या बाबतीत तर घटका मोजण्याइतकीही उसंत मिळत नाही. दान उत्सवाच्या तालावर आणि गरज रोजच्या श्वासाच्या तालावर, ही विसंगती केवळ भावनेला आवाहन करून मिटणारी नाही. ती मिटवण्यास कोणालातरी वही घेऊन बसावे लागते.

हे काम किती जुने आहे आणि किती साध्या साधनांनी उभे राहिले, याचा एक दाखला मला फार बोलका वाटतो. १९२१ च्या ऑक्टोबरात लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयातून कँबरवेल येथील रेडक्रॉसच्या शाखेत दूरध्वनी आला की तातडीने रक्तदाता हवा आहे. शाखेचे मानद चिटणीस पर्सी लेन ऑलिव्हर हे स्वतः काही सहकाऱ्यांना घेऊन रुग्णालयात गेले, आणि त्यांच्यापैकी एका परिचारिकेचे रक्त उपयोगी पडले. अशा प्रसंगी हळहळून घरी परतणारे आणि आपण वेळेला धावलो या समाधानात ती गोष्ट विसरून जाणारे लोक जगात पुष्कळ असतात. ऑलिव्हर यांनी विचार केला तो पुढच्या दूरध्वनीचा. तो केव्हातरी येणारच, आणि तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा कोणाचा गट कोणता, कोण कोठे राहतो, कोणी शेवटचे रक्त केव्हा दिले आणि कोणाला किती वेळात बोलावता येईल याची टिपणे आधीच तयार असावीत, या एका साध्या विचारातून मोबदला न घेणाऱ्या दात्यांची संघटित सेवा जन्मास आली, आणि पत्नीच्या साहाय्याने हा गृहस्थ ती आपल्या राहत्या घरातून चालवीत राहिला. कार्ल लँडस्टायनर यांनी शतकाच्या आरंभी रक्तगट शोधून काढले आणि त्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते यथायोग्यच होते. त्यांचा जन्मदिवस १४ जून हा आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो तेही यथायोग्यच आहे. परंतु त्या शोधाचा लाभ रुग्णाच्या खाटेपर्यंत नेऊन पोहोचवणारी जी टिपणांची पेटी आणि जो दूरध्वनी, त्यांना कोणता दिवस वाहिलेला आहे?

आमच्याकडे हा इतिहास अधिक वेदनेचा आहे. स्वेच्छा रक्तदानाच्या चळवळीची पायाभरणी मुंबईत १९५० च्या दशकात श्रीमती लीला मूळगावकर यांनी केली. पुढे त्या मुंबईच्या नगरपालही झाल्या. तरीही त्यानंतर कित्येक दशके देशातील रुग्णालयांच्या फाटकाबाहेर रक्त विकून पोट भरणारी माणसे उभी असत; त्यांच्या अंगात रक्त कमी असे, आजार लपवणे त्यांना भाग असे, आणि त्यांच्या दारिद्र्याचा भार अखेर रुग्णाच्या नसांत उतरे. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना ही विक्री दोन वर्षांच्या मुदतीत बंद करण्याचे आणि रक्तसंक्रमणाच्या कारभारासाठी राष्ट्रीय व राज्य परिषदा स्थापन करण्याचे फर्मावले. विक्री कायद्याने बंद झाली, हा त्या निकालाचा मोठाच उपकार होय. परंतु कायदा विक्रेत्याला हटवू शकतो, दात्याला उभा करू शकत नाही. रिकाम्या झालेल्या त्या जागी कोठे रुग्णाचा मुलगा, मेहुणा, शेजारी असे घाबरलेले आप्त बदली रक्त देण्यासाठी उभे राहिले, आणि कोठे शिबिरांतून आलेला अनोळखी दाता उभा राहिला. यांतील पहिल्या वाटेने गेलेला समाज प्रत्येक रुग्णाच्या वेळी नव्याने अगतिक होतो. दुसऱ्या वाटेने जायचे तर कोणीतरी वर्षभर त्या वाटेवर उभे राहून माणसे नेत राहिले पाहिजे. महाराष्ट्राने पुष्कळ अंशी ही दुसरी वाट धरली याचा मला अभिमान आहे, आणि ज्यांनी ती धरून ठेवली त्यांच्याविषयी आपण किती उदासीन आहोत याचा विषादही तितकाच आहे.

मी ज्या तालुक्याच्या गावी राहतो तेथील शिबिरांत नावे लिहून घेण्याचे काम मी बरीच वर्षे केले, आणि तेथेच मला अशा एका संयोजकाचा सहवास घडला. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्य काढलेले हे गृहस्थ. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या वहीला रकाने आहेत: नाव, गट, शेवटची तारीख, पुढची तारीख, आणि शेवटी ‘शेरा’. पुरुषाला ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस झाल्यावाचून पुन्हा रक्त देता येत नाही, तेव्हा पुढची तारीख ते त्याच वेळी मोजून लिहून ठेवतात. शिबिराचा दिवस ठरवताना ते दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडून बसतात, रक्तपेढीने कळवलेली गटवार निकड आणि भिंतीवरचे पंचांग. कारण संकष्टी, एकादशी किंवा श्रावणी सोमवार असेल तर निम्मी माणसे उपाशी येतात, आणि उपाशी माणसाचे रक्त घेणे म्हणजे त्याला भोवळ आणणे होय. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला बोलावू नये, दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची नावे त्या हंगामापुरती बाजूला ठेवावीत, परीक्षेच्या आठवड्यात महाविद्यालयाकडे फिरकू नये, असे त्यांचे कितीतरी अलिखित नियम आहेत. जागा तळमजल्याची, वारा खेळता राहील अशी आणि पाण्याची व शौचालयाची सोय असलेली हवी, हा त्यांचा हट्ट मला प्रारंभी अवास्तव वाटे. भोवळ आलेल्या एका दात्याला जिन्यावरून उतरवण्याचा प्रसंग पाहिल्यावर वाटेनासा झाला. खाटांचा हिशेबही त्यांनीच मला शिकवला: प्रत्यक्ष रक्त घेण्यास दहा मिनिटांच्या आतच वेळ लागतो, पण माणूस निजणे, उठणे, चादर सारखी करणे धरून एका खाटेवर तासाला चारांहून अधिक दाते सुखाने होत नाहीत, म्हणून पन्नास दाते येणार असतील तर चार खाटा आणि तीन तासांहून थोडा अधिक अवधी मागून घ्यावा, आणि सर्वांना दहाच्या ठोक्याला न बोलावता वेळा वाटून द्याव्यात. दोन तास ताटकळलेला दाता रक्त देऊन जातो खरा, पण पुढच्या वेळी येत नाही. हे वाक्य ते कोणताही आवेश न आणता बोलतात.

परंतु त्यांच्या कामाचे मर्म मला उमगले ते ‘शेरा’ या रकान्यात. शिबिरात वजन पाहतात, रक्तदाब पाहतात, आणि बोटातून रक्ताचा एक थेंब काढून मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसे, तरंगत राहिला तर अपुरे. डेसिलीटरमागे १२.५ ग्रॅमची ही मर्यादा आमच्या स्त्रियांपैकी पुष्कळजणींना ओलांडता येत नाही. घरची कामे उरकून, सासूला सांगून, शेजारणीला सोबत घेऊन धीर करून आलेली एखादी बाई, तिचा थेंब तरंगतो, टेबलामागचा माणूस ‘चालणार नाही’ म्हणतो, आणि ती मान खाली घालून निघते. तिच्या मनात कायमचे ठसते की आपण देण्याच्या योग्यतेच्या नाही. शिबिराच्या कीर्दीत तिची नोंदच होत नाही, कारण पिशवी भरलेली नसते. अण्णा मात्र तिला बसवून घेतात, चहा देतात आणि सांगतात की ताई, तुम्ही आलात म्हणून हे कळले, एरवी कळले नसते. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्याची तजवीज करून देतात आणि शेऱ्यात महिना लिहितात. त्यांतील काहीजणी लोहाच्या गोळ्या घेऊन वर्षभराने परत आल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या दिवशी थेंब बुडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी विसरणे शक्य नाही. जे शिबिर नाकारलेल्या माणसाला सन्मानाने परत पाठवू शकते, तेच मला यशस्वी शिबिर वाटते. बाकीच्यांना आपण फार तर मोठे म्हणावे.

दुर्मिळ गटांच्या बाबतीत तर खतावणीवाचून गत्यंतरच नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी जो विलक्षण रक्तगट प्रथम उजेडात आणला तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ याच नावाने ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ सारखा भासतो, पण त्या माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. त्याच्याच गटाचे लागते. अशा रुग्णासाठी हजार पिशव्यांचे महाशिबिर निरुपयोगी आहे. उपयोगी आहे ती कोणातरी संयोजकाच्या वहीतील एक ओळ आणि मध्यरात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी.

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला असा की उत्सवाचा झगमगाट काढून घेतला तर तरुण मुले येतीलच कशाला. आयुष्यातील पहिले रक्तदान पुष्कळांनी मित्रांच्या घोळक्यात, ढोलताशांच्या आवाजातच केलेले असते. हे खरे आहे, आणि मी उत्सवाचा विरोधक नाही. उत्सव हा चळवळीचा दरवाजा आहे. परंतु दरवाजातून आत आलेल्या माणसाचे नाव कोणी लिहून घेतले नाही, दुसऱ्या दिवशी त्याची प्रकृती विचारली नाही आणि तीन महिन्यांनी त्याला पुन्हा हाक मारली नाही, तर तो ज्या दरवाजाने आला त्याच दरवाजाने बाहेर जातो. त्याहून घातक आहे ती भेटवस्तूंची प्रथा. घड्याळे, प्रवासी पिशव्या, स्वयंपाकाची भांडी असे काहीबाही देऊन दाते ओढण्याची चढाओढ काही ठिकाणी माजली आहे, आणि भेटवस्तू देणाऱ्यांना वाटते की आपण कृतज्ञता व्यक्त करतो आहोत. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात अमेरिकेतील विकत घेतलेल्या आणि ब्रिटनमधील दान मिळालेल्या रक्ताची तुलना करून दाखवले होते की मोबदला शिरला की नासाडीही वाढते आणि संसर्गाचा धोकाही. त्याचे कारण समजण्यास ग्रंथाचीही गरज नाही. रक्त देण्यापूर्वी जी प्रश्नावली भरून घेतात, अलीकडे कावीळ झाली होती काय, कोणते औषध चालू आहे, वर्तनात काही जोखीम होती काय, तिची उत्तरे केवळ दात्याच्या सचोटीवर उभी असतात. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी होते हे खरे, पण संसर्ग झाल्यानंतरचे पहिले काही दिवस असे असतात की तपासणीच्या हातून तो निसटू शकतो. ज्या माणसाला भेटवस्तू घरी न्यावयाची आहे त्याला खरे बोलण्यात तोटा आहे, अशी परिस्थिती आपणच निर्माण करणे हे कृतज्ञतेचे लक्षण कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक आहे. निष्काम सेवा करणाऱ्याला कौतुकाची अपेक्षाच का असावी? गुप्तदानाची थोरवी गाणाऱ्या आमच्या परंपरेत संयोजकाचा गौरव ही एक प्रकारची लाचच नव्हे काय? या आक्षेपात एक घोटाळा आहे. अपेक्षा न ठेवणे हा सेवकाचा धर्म असेल. ओळख न ठेवणे हा समाजाचा धर्म होऊ शकत नाही. आमची कौतुकाची पद्धत मात्र अशी बेतलेली आहे की फीत कापणाऱ्याला पहिला हार, छायाचित्रात मधली जागा आणि पाहुण्यांच्या भाषणानंतर, खुर्च्या उचलल्या जात असताना, संयोजकाला शाल आणि श्रीफळ. माझी तक्रार शालीविषयी नाही. शाल देऊन आपण त्याचे काम संपले असे जाहीर करतो, आणि ते तर त्या क्षणी सुरू होत असते.

संयोजकाचे खरे कौतुक त्याच्या शब्दाला वजन देण्यात आहे. मंडळाने तारीख ठरवून त्याला कळवावी हा आजचा क्रम उलटला पाहिजे. तारीख त्याने सांगावी आणि मंडळाने मांडव घालावा. रक्तपेढीने वर्षाअखेर त्याला चार ओळींचे पत्र धाडावे की तुमच्या शिबिरांतून आलेल्या रक्तापैकी इतके प्रसूतीच्या रुग्णांना, इतके थॅलसीमियाच्या मुलांना, इतके अपघातातील जखमींना गेले. रुग्णांची नावे गोपनीय राहतील, राहिलीच पाहिजेत, परंतु ते रक्त मुदत संपून टाकून दिले गेले नाही एवढे कळण्याचा त्याला हक्क आहे, आणि टाकून दिले गेले असेल तर तेही कळण्याचा हक्क आहे. त्याच्या दूरध्वनीचा आणि पेट्रोलचा खर्च मंडळाच्या जमाखर्चात निःसंकोच लिहिला जावा, नाहीतर ही सेवा ज्याला परवडते त्याच्यापुरतीच उरते. बचत गटांतील ज्या स्त्रिया दारोदार फिरून दाते गोळा करतात, केळी व चहा यांची व्यवस्था पाहतात आणि संध्याकाळी सतरंज्या झटकून ठेवतात, त्यांच्या श्रमाला घरकामाचाच विस्तार समजण्याची सवय आपण टाकून दिली पाहिजे. यादीत त्यांची नावे मदतनीस म्हणून नव्हे तर संयोजक म्हणून यावीत. आणि या सर्वांहून निकडीचे म्हणजे प्रत्येक जुन्या संयोजकाच्या शेजारी एक तरुण माणूस बसवावा, कारण वही कोणालाही देता येते, पण वहीतील कोणता माणूस कोणत्या शब्दाने येतो हे ज्ञान देण्यास वर्षे लागतात.

अण्णांना यंदा पासष्ट पूर्ण झाली. नियमाप्रमाणे त्यांचे स्वतःचे रक्त आता घेता येत नाही. त्यांनी आपल्या नावापुढील ‘पुढची तारीख’ या रकान्यात आडवी रेघ ओढली, आणि त्याच आठवड्यात गणेश मंडळाची दोन मुले त्यांच्याकडे आली, यंदाचे शिबिर केव्हा ठेवावे हे विचारायला. इतकी वर्षे ते उत्सवातच भरत असे. अण्णांनी मे महिन्याचा दुसरा रविवार सांगितला. मुले क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिली, कारण मेमध्ये गर्दी होत नाही हे त्यांनाही ठाऊक होते; पण ‘बरं अण्णा’ म्हणून गेली. त्या रविवारी शाळेच्या तळमजल्यावरील वर्गात मांडव नव्हता, पाहुणे नव्हते, आणि जेमतेम तीसएक माणसे आली. दुपारी रक्तपेढीची गाडी पेट्या घेऊन निघून गेल्यावर मंडळातील एका मुलाने वही पुढ्यात ओढली, आणि अण्णा सांगत गेले तसतशी तो पुरुषांच्या नावांपुढे ऑगस्टची आणि स्त्रियांच्या नावांपुढे सप्टेंबरची तारीख लिहीत गेला.